फुईचं प्रभुभोजन

माझ्या फुईइतकी देवाला कामाला लावणारी बाई सगळ्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. फुई म्हणजे वडिलांची बहीण. जन्मभर मोलगीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन आमच्या धानोऱ्याला आली आणि इंजेक्शनं सुटली तशी तिनं प्रार्थना धरली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पाळक भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस देतात. बाकीची मंडळी त्यासाठी आंघोळ करून येतात, फुईची तयारी मात्र गुरुवारपासून चाले. कुणाविषयी राग ठेवून ती भाकर घ्यायची नाही, म्हणून शनिवारी ही गावभर क्षमा मागत फिरायची, आणि ज्यांना तिच्या रागाचा पत्ताच नव्हता त्यांनाही तो तपशीलवार कळायचा. शेजारच्या केळीवाल्या काकांना म्हणाली, "भाऊ, चार दिनथून मी तुले मनमा गाढव म्हनी ऱ्हायनी, माफ कर." काका पुढे दोन महिने बोलले नाहीत.

पण लोक तिला हसत कमी, घाबरत जास्त. प्रार्थना करता करता ती मध्येच थांबायची, मान कलती करायची आणि "बरं, बरं" म्हणायची. एकदा अशीच थांबून तिनं पेटी वाजवणाऱ्याचं नाव घेतलं, "याना पाय संभाळ, प्रभू." मंगळवारी तो विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला. तेव्हापासून फुईच्या तोंडी ज्याचं नाव येई, तो मोटारसायकल चर्चपाशीच ठेवून पायी घरी जाई. भाकर घेतल्यावर तर ती तासभर बाकावरून हलायची नाही. मी घाई केली की म्हणायची, "भाकर पोटमा लगेच जास. मनमा जावाले टाइम लागस. प्रार्थना कर, मंग जाई."

मला ते जमत नव्हतं. माझी बायको गेल्यापासून मी भाकर घेत होतो, प्रार्थना करत नव्हतो. दवाखान्यात शेवटच्या दुपारी ती म्हणाली होती, "माझ्यासाठी जरा प्रार्थना करा." मला लोकांसमोर लाज वाटली. पाळक येतील, ते करतील, असं म्हणून मी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा ती नव्हती. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

एका रविवारी मंडळी निघून गेली आणि मीही उठलो, तर फुईनं मनगट धरून मला बसवलं. भर बारा वाजता चर्चच्या तापलेल्या पत्र्याखाली मला थंडी वाजली. फुई पुटपुटत होती. थांबली. मान कलती केली. माझ्या पलीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहत "बरं" म्हणाली, आणि मग मला, "दवाखानामा जी प्रार्थना राही गयी ती आते म्हन. ती वाट देखी ऱ्हायनी."

डोळे मिटून मी बायकोचं नाव घेतलं आणि पुढे जे आलं ते रडत, अडखळत म्हटलं. तोंडात अजून भाकरीची चव होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मला कळली. मी आमेन म्हणालो. शेजारून, अगदी कानापाशी, हलकंसं आमेन आलं.

डोळे उघडले तेव्हा फुई पार दाराशी वाकून चप्पल घालत होती.

तिला विचारायचा धीर मला कधी झाला नाही, आणि आता विचारायला ती नाही. पहिल्या रविवारी सगळे गेल्यावर हल्ली मीच शेवटी उठतो, आणि आमेन म्हटल्यावर थोडा वेळ डोळे मिटूनच ठेवतो.