आमच्या गच्चीवरची द्राक्षतोडणी

"थांबा, अजून साखर भरली नाही," असं म्हणून काका दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. वाक्य खरं तर द्राक्षांचं, पण लिफ्टच्या दुरुस्तीपासून कुणाच्याही मुलीच्या लग्नापर्यंत त्यांना ते सगळीकडे चालायचं. असे एक काका तुमच्याही इमारतीत असतील.

नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, बँकेतून निवृत्त झालेले. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की प्रार्थनेला त्यांच्याकडे वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत असे. एकदा तरी स्वतःच्या द्राक्षांची वाइन हवी, या हट्टापायी त्यांनी गच्चीवर पिंपात वेल लावला. पिंपाखाली माझी झोपायची खोली. वेलाला घड धरले तोवर माझ्या छताला ओल आली. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच, म्हणून माझीच तक्रार घेऊन मी वर गेलो.

काका वॉचमनला द्राक्ष चाखवत होते. द्राक्ष पिकलं की नाही, हे ते वॉचमनच्या तोंडावरून ठरवत. बारा दिवस ते तोंड वाकडं होत आलं होतं. त्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "काका, आज हाय." काकांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि कात्री दिली.

घड नऊ, तोडायला माणसं अकरा. काकांनी सगळ्यांना टोप्या घालायला लावल्या. उरलेल्या दोघांना टोपली धरायचा मान मिळाला.

रस बाटल्यांत भरून, घट्ट बुचं लावून त्यांनी कपाटात ठेवला. पंधरा दिवसांनी भर दुपारी धडाधड आवाज झाले. सिलिंडर फुटला समजून सगळी इमारत खाली धावली. शेवटी काका उतरले, चष्म्यापासून बनियनपर्यंत जांभळे. काकूंनी त्यांना आधी चाचपलं, मग पुसलं आणि मग त्या रागावल्या.

एक बाटली वाचली होती. त्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. प्रार्थना म्हणून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना घोट घोट दिला. वाइन आंबटढाण होती. आम्ही दुसऱ्यांदा मागितली.

पावसाळ्याआधी दोघं इस्रायलला लेकीकडे कायमची गेली. टॅक्सीत बसताना काका मला म्हणाले, "ऑक्टोबरात छाटणी कर. दया दाखवू नकोस."

मी पलंग ओलीखालून हलवला होता. ऑक्टोबरात छाटणी करून फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "डावीकडची एक राहिलीय. लाड करू नकोस."

ती फांदी मी ठेवली. कठड्यावरून ती खाली, त्यांच्या बंद खिडकीकडे निघाली होती.