दोन सूत

आमच्या घरात चहा भुशावर व्हायचा. नाना, माझे वडील, सुतार. रंद्याखाली पडलेला भुसा पोत्यात भरायचा, घरी आणायचा, पत्र्याच्या शेगडीत ठासायचा. गॅस नव्हता, रॉकेल पुरत नव्हतं. भुसा कुणी विचारत नाही, सुतारानं न्यायचा, अशी रीतच होती.

श्रीरामपूरला एका बंगल्याचं काम चाललं होतं. मी सातवीत. शाळा सुटली की पोतं न्यायला मीच जायचे. त्या दिवशी मी पोतं डोक्यावर घेतलं आणि इंजिनिअर ओरडला, "थांब गं ए!"

त्यानं चौकटीला टेप लावला होता. सागवानाची चौकट, पाच बाय तीन इंच सांगितलेली. पाचाला दोन सूत कमी, तिनालाही दोन सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"मिस्त्री, लाकूड कुठं गेलं?"

नाना म्हणाले, "सायेब, ते माप रंद्याआधीचं. रंदा मारल्यावर दोन सूत जातंच की."

"मला शिकवतो? नकाशा वाचता येतो का तुला?"

नकाशा इंग्रजीत होता, नानांना इंग्रजी येत नव्हतं.

बंगल्याची मालकीण पायरीवर उभी होती. म्हणाली, "पोतं बघा. भुशात सागवान लपवून नेतात ही माणसं."

"उलटं कर पोतं."

मी नानांकडं बघितलं. ते खाली बघत होते. गवंडी, बिगारी, सगळे काम सोडून बघत होते. मी पोतं उलटं केलं. इंजिनिअरनं बुटानं भुसा चिवडला. भुसाच निघाला. गेलेलं दोन सूत तिथंच पडलं होतं, त्याच्या बुटाखाली. ते त्याला दिसलं नाही.

"भर परत," तो म्हणाला. मी दोन्ही हातांनी भरला. खूप वेळ लागला.

त्यानंतर नाना बंगल्याच्या कामावर कधी गेले नाहीत. राहात्याकडं पेरूच्या पेट्या ठोकायला लागले. पेटीला रंदा लागत नाही.

मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. लाकडाची मापं शिकवली त्या दिवशी घरी आले आणि नानांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी त्या बंगल्याच्या नकाशाची घडी होती. वाचता येत नसूनही त्यांनी जपलेली. चौकटीच्या मापापुढं तीन इंग्रजी अक्षरं होती, नॉम. नॉमिनल. म्हणजे नावाचं माप, रंद्याआधीचं. नाना म्हणाले होते तेच.

नाना अंगणात पेरूची पेटी ठोकत होते, त्यांना मी वाचून दाखवलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"मंग त्यांना म्हाईत हुतं?"

"व्हय, नाना. नकाशा त्यांचाच."

"मंग पोतं कामून उलटं करायला लावलं?"

मी नकाशाची घडी घातली. त्यांनी हातोडी उचलली. पुढचा खिळा वाकडा गेला.

नंतर मी शिर्डीत एका हॉटेलच्या साइटवर इंजिनिअर म्हणून लागले. एक दिवस ठेकेदार आला. "मॅडम, चौकटी कमी भरतायत. त्या म्हाताऱ्या मिस्त्रीची पिशवी बघतो."

"पिशवीला हात लावायचा नाही."

"सुतारांचा लईच पुळका तुम्हाला!"

"मी सुताराचीच हाय."

सगळ्यांसमोर एक कोरं लाकूड मागवलं. ठेकेदाराच्याच हातानं मोजून घेतलं. मिस्त्रींनी रंदा मारला. पुन्हा त्यालाच मोजायला लावलं. दोन सूत कमी. "आता पिशवी कुणाची बघायची?" मी विचारलं. तो टेप गुंडाळत निघून गेला. मिस्त्रींची माफी त्यानं मागितली नाही. असली माणसं मागत नाहीत.

त्या इंजिनिअरला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. नाना अजून पेट्याच ठोकतात.

माझ्या नकाशावर प्रत्येक चौकटीची दोन मापं असतात. रंद्याआधीचं आणि रंद्यानंतरचं. मराठीत, पूर्ण शब्दांत. ज्याला वाचता येत नाही त्याला मी उभी राहून वाचून दाखवते. मिस्त्रीच्या हातात कागद पडल्याशिवाय रंदा चालत नाही, आणि माझ्या साइटवरून भुशाचं पोतं बांधलेलंच बाहेर जातं.