म्हसोबा उघडा पडेपर्यंत

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. संक्रांतीच्या आठवड्यात बायकोच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण डोकं साफ होतं. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाला, "मऊ खाऊ घाला. गिळणं कधी बंद होईल सांगता येत नाही. काही खावंसं वाटलं तर लगेच द्या." मी मान हलवली. ऐकलं होतं, हे कबूल करतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चिलापी खायची हाय."

चिलापी म्हणजे भिगवणच्या बाजारातला मासा, उजनी धरणाच्या पाण्यातला. त्या पाण्याखाली आमचं गाव आणि माझी चार एकर काळी जमीन आहे. पाणी चढत होतं तेव्हा मी पंचविशीतला गडी. बांधावरच्या म्हसोबासमोर उभा राहून शपथ घेतली की या पाण्यातला मासा माझ्या घरात शिजणार नाही. माझ्या बापाच्या रानात चरलेला मासा मी खाऊ? तिचं माहेर नदीकाठचं, माशाशिवाय त्यांचा घास उतरत नसे. पण माझ्या शपथेपायी माहेरच्या लग्नातसुद्धा ती माशाच्या पंगतीतून उठायची. गाव उठल्यावर वरकुट्याकडं येऊन नव्यानं संसार मांडला, लेकरं मोठी झाली, पण ते काही बदललं नाही. फक्त टोमणा मारायची, "पाणी पिता त्याच धरणाचं. मासा तेवढा इटाळाचा व्हय?"

सुनेनं माझ्यामागं तिला विचारलं, गुपचूप आणू का. मी दाराआडून ऐकत होतो. ती म्हणाली, "इतकी वर्सं उघड सोडली, आता चोरून खाऊ? त्यांनीच आणाया पायजे."

त्या दिवसांत मी मारुतीच्या देवळात सकाळी ध्यानाला जायचो. बायकोच्या दुखण्यापासून माझी झोप उडाली होती, म्हणून पोरानं पाठवलं. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी दहाबारा म्हाताऱ्यांना बसवायचे. श्वास आत, श्वास बाहेर. झालं ते सोडा, व्हायचंय ते सोडा, आत्ताचा क्षण तेवढा धरा. मी चौथी शिकलेला, पण कुणी सांगितलं म्हणून ऐकणारा नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "आबा, मन कुठं गेलं होतं?"

"पाण्याखाली."

"तिथं काय आहे?"

"चार एकर. अन् बांधावर म्हसोबा."

बाकीचे हसले. गुरुजी म्हणाले, "ते गेलं, आबा. आत्ता समोर काय आहे ते बघा."

"डोळं तर तुमीच मिटाया लावलंय. बघू कसं?"

सगळे अजून हसले. मला वाटलं, जिंकलो.

शपथ म्हसोबासमोर घेतली तर सोडायचीही त्याच्यासमोरच, हे माझं ठरलं होतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की तो दगड थोडे दिवस उघडा पडतो. बायकोला सांगितलं, "वैशाखापर्यंत थांब. नारळ फोडतो, शपथ सोडतो, तिथनं तसाच भिगवणला जातो."

ती म्हणाली, "तुमच्या म्हसोबाला आता पवाया येतंय. तो राहील. मला गिळाया येतंय तवर आणा."

मी म्हणालो, "सबुद म्हणजे सबुद."

चैत्रभर मी दर आठवड्याला पाण्याकाठी जाऊन काठी रोवून यायचो. पुढच्या खेपेला पाणी काठीपासून किती हात मागं गेलं ते बघायचं. देवळात श्वासाकडं लक्ष द्यायच्या ऐवजी तोच हिशोब चालायचा. घरी तिचा भात सुटला. मग नुसता वरणाचा पातळ घोट. मग पेज. हे सगळं माझ्यासमोर होत होतं.

वैशाखात दगड वर आला. गुडघाभर गाळातून गेलो. शेंदूर कधीच गेला होता, सगळ्या अंगाला शिंपले चिकटलेले. नारळ फोडला आणि म्हणालो, "सोडली." एवढंच. भिगवणहून दोन चिलाप्या घेतल्या, खवलं काढून.

घरी आलो तर खाट रिकामी. सकाळी पेजेचा घोट तिला ठसकला होता. पोरगा बारामतीला घेऊन गेला होता. दिवस मावळता परत आणलं तेव्हा नाकात नळी होती. तोंडानं आता पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं सांगून पाठवलेलं.

माझ्या पायावर गाळ वाळला होता. तिनं तो बघितला.

"आणली?"

"आणली."

"म्हसोबा काय म्हणला?"

"काय म्हणणार. दगड हाय तो."

ती अर्ध्या तोंडानं हसली. मला ते हसणं सोसलं नाही. मग म्हणाली, "सकाळी करा म्हणावं सुनंला. तुमी खावा. माझ्या म्होरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो नाही. सुनेनं मासे तव्यावर भाजले. पंचेचाळीस वर्षांत आमच्या घरात तो वास पहिल्यांदा सुटला. ताट घेऊन खाटेशेजारी बसलो. चिलापीला काटे कमी असतात म्हणतात, पण माझा हात विसरलेला. पहिल्याच घासाला चैत्रातल्या त्या काठ्या आठवल्या आणि काटा घशात रुतला. ठसकलो.

"हळू," ती म्हणाली. "काट्याकडं बघा."

मग मी काट्याकडंच बघितलं. बोटानं चाचपायचं, काढायचं, घास घ्यायचा. ना पाण्याखालची जमीन मनात आली, ना पुढचं काही. मासा गोड होता. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि तिचा गळा माझ्या घासाबरोबर हलत होता.

एक संपला. काटे वाटीत ठेवले. तिनं डाव्या हातानं खूण केली, आणि मी दुसरा मासा पुढं ओढला.