आईपेक्षा तेरा वर्षांनी मोठा मुलगा

बेक्वाई गावच्या हितवर्धक मंडळाची वेबसाइट क्वासी बेदियाको हाताने लिहीत. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. निवृत्त झाल्यावर एक जाडं पुस्तक आणून ते कोड शिकले, आणि पूर्वी खिळा चिमटीत धरायचे तसा एकेक कंस टिपून बसवू लागले. गावात कुणी वारलं की अंत्यविधीचं पान त्यांच्याकडे. काळी चौकट, फोटो, आणि आप्तांची नावं मानाच्या क्रमाने. अकरा वर्षांत दोनशे बारा पानं झाली, आणि एकावरूनही कुणी रुसलं नाही. बेक्वाईत ही लहान गोष्ट नव्हे.

मग मंडळाचा फोन नंबर बदलला. तो प्रत्येक पानाच्या तळाशी होता. बेदियाको दर मंगळवारी पाच पानं उघडत, नंबर बदलत आणि चष्मा पुसत. तोवर जुना नंबर ओबुआसीतल्या एसी अफ्रिये नावाच्या, मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी विकणाऱ्या बाईला मिळाला. लोक सवयीने जुनीच पानं उघडून तिला फोन करत. आधी ती ‘राँग नंबर’ म्हणायची. मग केंकीचं पातेलं ढवळता ढवळता सांत्वन करायला शिकली.

मंडळाच्या चिटणिसांनी बेदियाकोंच्या भाचीला, सेरवाला, कुमासीहून बोलावलं. तिने तयार सिस्टीम आणली: रकाने भरा, पान आपोआप तयार.

“मामा, नंबर एकदाच बदलायचा, सगळीकडे बदलतो,” ती म्हणाली.

“आणि चुकला की सगळीकडे चुकतो,” मामा म्हणाले.

चिटणिसांनी तोडगा काढला. याआ पोकुआ आजी नुकत्याच गेल्या होत्या. त्यांचं पान सेरवाने करावं. घरच्यांना पटलं तर वेबसाइट तिची. नाही पटलं तर मामांची. मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन जेवले नाहीत.

सेरवा भराभर रकाने भरत गेली आणि जन्मतारखेशी अडली. आजी गुरुवारी जन्मल्या हे त्यांच्या ‘याआ’ या नावातच होतं; तिकडे नाव जन्मवारावरूनच ठेवतात. साल मात्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं. वय घरच्यांनी बैठक घेऊन एकशे तीन ठरवलं होतं. सेरवाने तारीख रिकामी सोडली. रिकामेपण सिस्टीमला सोसेना. सिस्टीमनेच आपल्या मनाने १ जानेवारी १९७०, म्हणजे संगणक जिथून दिवस मोजू लागतात ती तारीख, घातली, वजाबाकी केली आणि पान गावभर पाठवून दिलं.

तासाभरात आजींचा बोआहेने नावाचा थोरला मुलगा काळं वस्त्र खांद्यावर सावरत मंडळात आला. त्याचं वय सदुसष्ट.

“आई चोपन्न वर्षांची?” तो शांतपणे म्हणाला. “म्हणजे मी तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. मग लहानपणी मला मारायची ती कोण?”

सेरवाने फोनवर काहीतरी पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, “पण काका, तो दिवस गुरुवारच होता.”

“वार बरोबर आहे,” बोआहेनेने मान्य केलं. “एकोणपन्नास वर्षं परत द्या.”

चिटणिसांनी मामांकडे पाहिलं. जिंकले होते ते. पण भाचीचा चेहरा केळीच्या वाळल्या पानासारखा झालेला त्यांना बघवेना. ते तिच्या शेजारी बसले आणि पडद्याचे कोपरे न्याहाळू लागले. एका कोपऱ्यात दोन बारीक कंसांचं चित्र होतं. त्यांनी ते दाबलं. रंगीत रकाने बाजूला सरले आणि आत ओळीने उभा होता कोड.

“अगं,” मामा म्हणाले, “आतून ही आपल्याच घरची आहे की.”

त्यांनी वजाबाकीची ओळ खोडली आणि एकशे तीन लिहिलं. बोआहेनेने ते दोनदा वाचलं.

“चार करता येईल?” त्याने विचारलं. “मावशीकडची आजी एकशे तीनचीच गेली.”

मामांनी चार केलं.

घरच्यांना पान पटलं. पण ते नक्की कोणाचं, हे चिटणिसांना सांगता येईना. शेवटी सिस्टीम सेरवाची आणि मयतांची पानं मामांची, असं ठरलं. सेरवाने जुनी पानंही आत घेतली आणि एका टिचकीत सगळीकडचा नंबर बदलला. मामांनी नुसताच चष्मा पुसला. मंगळवारी काय करायचं, हा प्रश्न होता.

तो एसी अफ्रियेने सोडवला. तिने मंडळाचा नवा नंबर शोधून फोन केला, तो मामांनी उचलला.

“दादा, आठवडा झाला, एक फोन नाही. तिकडे सगळे बरे आहेत ना?”

“सगळे नाहीत. पण नंबर आता सगळीकडे बदलला.”

“मला न सांगता? मी त्या बिचाऱ्यांशी किती बोलत होते.”

मामांनी तिचं नाव लिहून घेतलं. मंगळवारी त्यांनी याआ पोकुआ आजींचं पान उघडलं आणि तळाशी एक ओळ जुळवली: ‘धीराचे दोन शब्द हवे असल्यास एसी अफ्रिये, ओबुआसी.’ खाली जुना नंबर.

सेरवाने डोकावून विचारलं, “मामा, हे कुठल्या रकान्यात बसतं?”

“कुठल्याच नाही,” मामा म्हणाले आणि पुढचं पान उघडलं. अजून दोनशे बारा होती.