शिकाऊ गयाबाई

गयाबाई हळकुंड कानाशी नेऊन वाजवायच्या. एका हातातलं हळकुंड दुसऱ्या हातातल्या हळकुंडावर टक्‌कन मारायचं, मान जरा तिरकी करायची आणि मग उजवीकडे किंवा डावीकडे टाकायचं. उजवीकडे पडलं ते मालात, डावीकडे पडलं ते पोकळ. वारंगा फाट्याच्या जरा पुढे पत्र्याचा एक लांबलचक शेड आहे, तिथं त्या हळद निवडायला होत्या. त्यांची ही खोड फक्त हळकुंडापुरती नव्हती. माणसाचं बोलणंसुद्धा त्या तशीच मान तिरकी करून ऐकायच्या.

आमची कामगारांची लहानशी संघटना आहे. पत्रकं मीच लिहितो, मीच वाटतो. पहिल्यांदा त्या शेडच्या गेटवर गेलो तेव्हा सुट्टी होऊन बाया बाहेर पडत होत्या. कोपरापर्यंत पिवळे हात, पदरानं बांधलेली तोंडं. मी जोरात सांगत सुटलो की वीस माणसं कामाला असली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, कंत्राटी माणूससुद्धा त्यात येतो, ही मालकाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. पांढऱ्या केसांची एक बाई थांबली. मान तिरकी करून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बोलून तर चांगलं राहिला लेकरा, पण पोकळ वाजून राहिलं."

"काहून मावशी?"

"हे कामगारायचं हाय ना? आमी कामगार न्हाई. आमी शिकाऊ."

"कधीपासून शिकताय?"

"शेडला पत्रे नव्हते तवापासून."

बाकीच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

ही लबाडी समजून घ्या, कारण ती तुमच्याही गावात चालू असेल. कायद्यात काही जणांना या निधीतून वगळलेलं आहे. रीतसर योजनेखाली काम शिकायला आलेला शिकाऊ उमेदवार त्यातला एक. आज शिकतोय, उद्या दुसरीकडे कामाला लागेल, त्याचं खातं कशाला, असा त्यामागचा साधा विचार. मालकानं या एका ओळीतून आख्खा शेड बाहेर काढला. वकिलाकडून एक प्रशिक्षण योजना लिहून घेतली आणि निवडणीच्या सगळ्या बाया तिच्यात शिकाऊ म्हणून दाखवल्या. ज्या बाईनं त्या शेडमधल्या प्रत्येकीला हळद निवडायला शिकवलं, तीही शिकाऊच. मग तिला शिकवणारा कोण होता, हे त्या योजनेत कुठंच नव्हतं.

पुढं माझं गयाबाईंच्या घरी जाणं सुरू झालं. शेडपासून चालत जाण्यासारख्या खेड्यात, बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा ट्रकवर, सून शेतात. दारात गेलं की "जयभीम लेकरा" म्हणायच्या आणि आधी चहा टाकायच्या, मग विचारायच्या, "आज काय पोकळ आणलं?" सुनेशी भांडण नव्हतं. तरी एकदा सून पाण्याला गेलेली बघून म्हणाल्या, "तुह्या त्या पेन्शनीत काय भेटन थे भेटन. पण चहाच्या पत्तीसाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम पडू नाही. बस."

एवढीच मागणी होती. आणि वेळ फार नव्हता. या निधीतून मिळणाऱ्या पेन्शनला वयाच्या अठ्ठावन्नाची वेस आहे, आणि त्या वेशीच्या आत दहा वर्षांची नोकरी मोजली गेलेली असावी लागते. गयाबाईंना सत्तावन्नावं चालू होतं. मागची सगळी वर्षं कामगार म्हणून धरली गेली तरच पेन्शन, नाहीतर काही नाही.

तक्रारीवर सही करायला शेडमधली एकही बाई तयार होईना. प्रत्येकीला दुसऱ्या दिवशीची हजेरी दिसत होती. गयाबाईंनी सही केली. अक्षरं जुळवत, जीभ ओठांत धरून केली. वर म्हणाल्या, "मला काढून काढून कुठं काढन? मला काढलं तर नव्या पोरीला कोण शिकवन? शेठ?"

इथं शेडमधली एक रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. तिथं उंबऱ्याशी चपला काढतात. हळद नवरीच्या अंगाला लागते, भंडाऱ्यात जाते, तिच्यावर पायताण नको. जो बूट घालून आत येतो तो बाहेरचा व्यापारी. व्यापारी मालकाच्या गाडीतून उतरतो, बुटाच्या टोकानं रास उकरतो आणि एखाद्या बाईकडे बोट करून विचारतो, ही नवी का? नव्या हाताची निवड म्हटलं की तो सगळ्या मालाचा भाव पाडतो, आणि संध्याकाळी मालक त्या नवीला घरी बसवतो. एक पोरगी अशी गेली तेव्हा गयाबाईंनी बायांना एक गोष्ट शिकवली. व्यापाऱ्यानं विचारलं की सगळ्यांत नव्या पोरीला सगळ्यांत जुनी म्हणायचं. शेडमधली प्रत्येक बाई कधी ना कधी या खोट्यावर टिकलेली होती. रशीदाबी म्हणून एक पॉलिशच्या ड्रमवर आहेत, त्या मला म्हणाल्या होत्या, "मेरेकू तो पहले ही दिन सबसे पुरानी बना दिया था गयाबाई ने."

तक्रारीवर निधीच्या ऑफिसातले साहेब चौकशीला येणार असं ठरलं. बाया खरंच शिकाऊ आहेत की पक्क्या कामगार, हे ते स्वतः काम बघून ठरवणार होते. मी गयाबाईंना आधीच सांगून ठेवलं, "साहेब आले की घाबरू नका. खरं तेच सांगा."

"खऱ्याला काय घाबरायचं? सायेब येईन तर सायबासारखाच येईन ना."

साहेब आले. फाट्यावरच्या हॉटेलात मालकासोबत जेवून, मालकाच्याच पांढऱ्या गाडीतून आले. मला वॉचमननं गेटवरच अडवलं. मी बाहेरून ओरडत होतो, आत पॉलिशचा ड्रम धडधडत होता. कुणाला काय ऐकू जाणार? साहेब बूट घालून आत गेले.

आत काय झालं ते रशीदाबींनी सांगितलं. मालकानं त्याच सकाळी एक नवी पोरगी कामाला घेतली होती. रेणुका नाव, कळमनुरीकडची, नवऱ्यानं टाकलेली, पदरात दीड वर्षाचं लेकरू. हा योगायोग होता असं ज्याला वाटतं त्याला वाटो. पहिल्या दिवशी गयाबाई नव्या पोरीला काही बोलून शिकवत नसत. उजेडाची आपली जागा तिला द्यायच्या, स्वतः मागं बसायच्या, आणि पोरगी जे उचलेल ते उचलू द्यायच्या. चुकलं तर गुपचूप काढून बाजूला ठेवायच्या. "पयल्या दिवशी बोललं की हात भितो," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? पुढं तरणी पोरगी बसलीय, आणि तिच्या हाताकडे बघत एक म्हातारी मागं शिकत बसलीय.

साहेबांनी बुटाचं टोक राशीला लावलं आणि रेणुकाकडे बोट केलं. "ही नवी आहे का?"

पोरीनं मागं वळून गयाबाईंकडे बघितलं. गयाबाई म्हणाल्या, "न्हाई मालक. ही लई जुनी हाय."

"आणि तुम्ही?"

"मी हिच्यापाशी शिकून राहिले."

बाकीच्या बायांनी माना डोलवल्या. साहेबांनी लिहून घेतलं. मालक म्हणाला, "बघा."

मी नंतर रशीदाबींवर ओरडलो, तुम्ही एवढ्या जणी, एकीलाही कळलं नाही? त्या माझ्यावर दुप्पट ओरडल्या. "गाडी सेठ की, जूते पाँव में, उंगली वैसीच! हमकू क्या मालूम बाबा, सरकार ऐसी आती?" त्यांचं बरोबर होतं. गरिबांच्या दारात सरकार व्यापाऱ्यासारखं येतं आणि मग विचारतं, तुम्ही आम्हाला ओळखलं कसं नाही? त्या माणसानं उंबऱ्याशी बूट काढले असते, तर गयाबाईंना पेन्शन लागली असती. माझ्या आजवरच्या पत्रकांत याहून खरं वाक्य मी लिहिलेलं नाही.

निकाल आला. तक्रारदार बाईनं स्वतःच्या तोंडानं शिकाऊ असल्याचं मान्य केलं आहे, सबब तिला कर्मचारी धरता येत नाही. मी तो वाचून दाखवला. गयाबाईंनी मान तिरकी करून ऐकला आणि विचारलं, "थो व्यापारी नव्हता?"

"नाही मावशी. तोच साहेब होता."

त्यांनी हाताची हळद अंगठ्यानं खरवडली. मग म्हणाल्या, "मग त्यानं सांगायचं ना बाप्पा."

आम्ही फेरसुनावणी मागितली. आता सगळं रेणुकावर होतं. आपण त्याच सकाळी कामाला लागलो, एवढं एकच खरं वाक्य तिनं बोलायचं होतं. शेजारच्या जिल्ह्यातलं ते ऑफिस, बाकावर आम्ही तिघं. गयाबाईंनी येताना रेणुकाच्या लेकरासाठी केळी घेतली होती. रेणुकाला आत बोलावलं. ती उभी राहिली आणि खाली न बघता, न अडखळता म्हणाली, "मी आधीपासून हाय. मावशीले मीच शिकवून राहिले होते." मालकाच्या वकिलानं लगेच कागद पुढे केले. रेणुकाचं नाव जुन्या तारखेपासून कायम कामगार म्हणून लावलेलं होतं, आणि तिच्या नावावर निधीचं खातंही उघडलेलं होतं. आख्ख्या शेडात खातं असलेली ती पहिली बाई.

म्हणजे कायदा त्या शेडात शेवटी आला. खोटं बोलायचं बक्षीस म्हणून आला.

बाहेर लिंबाखाली मी रेणुकाला नको ते बोललो. ती ऐकून घेत राहिली, मग एकच म्हणाली, "दादा, तुमचं पत्रक माह्या लेकराले पाजू का?" आणि लेकरू काखोटीला मारून बसस्टँडकडे निघून गेली. मी गयाबाईंकडे वळलो. वाटलं, आता तरी ही बाई चिडेल, निदान एक शिवी देईल.

"एका दिवसात शिकली बघ," त्या म्हणाल्या. "हुशार हाय पोरगी."

"मावशी, तिनं तुमचा गळा कापला!"

"मंग? म्याच शिकवलं ना तिला, जुनी हाय म्हण." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "एकीचं तं लागलं नाव. तू काहून रडून राहिला? केळी ऱ्हायली तिची, थे खा."

ती केळी मी खाल्ली नाहीत. गयाबाईंचा मोठेपणा मला त्या दिवशी झेपला नाही आणि आजही झेपत नाही. सोसणाऱ्या माणसाचं कौतुक करायला लोक फार लवकर तयार होतात. त्यांना सोसावं लागलं नसतं तर मला जास्त आवडलं असतं.

अठ्ठावन्न पूर्ण झाली तशी मालकानं त्यांना कामावरून कमी केलं. पत्र दिलं: आपला प्रशिक्षण कालावधी पूर्ण झाल्यामुळे आपणास मुक्त करण्यात येत आहे. मी वाचलं. गयाबाई हसल्या. इतक्या हसल्या की खोकल्याची ढास लागली. हळदीच्या भुकटीचा तो खोकला त्यांना कित्येक वर्षं होता.

"म्हंजे पास झाले का मी?"

"झाल्या मावशी."

"मंग शेठला म्हणावं, आता कामाला घे."

तो खोकलाच पुढं त्यांना घेऊन गेला. सून शेवटपर्यंत नीट वागली, चहाची पत्ती कधी मागावी लागली नाही, हेही लिहायला पाहिजे. पण मागावी लागेल का, ही भीती शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होती, आणि ती कुठल्याच सुनेला काढता येत नाही.

माती देऊन आम्ही परत येत होतो. रेणुका सगळ्यांच्या मागून चालत होती, माझ्याकडे न बघता. वारंगा फाट्यावर आलो तर चौकात नवाकोरा फ्लेक्स. मध्ये गयाबाईंचा फोटो, खाली हात जोडलेला मालक, आणि मोठ्या पिवळ्या अक्षरांत: आमच्या शेडच्या सर्वांत ज्येष्ठ, अनुभवी व कुशल कामगार गयाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

ज्येष्ठ. अनुभवी. कुशल. कामगार. हे चार शब्द मिळवायला आम्ही ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, आणि मालकानं ते बाई मेल्यावर चौकात फुकट वाटले. मी दगड शोधायला खाली वाकलो. रशीदाबींनी माझं मनगट धरलं.

"पागल है क्या?" त्या म्हणाल्या. "अंदर अब्बी हम सब शिकाऊच हैं ना? फोटो निकाल इसका. जल्दी. सेठ को अकल आने से पहले."

मी मोबाईल काढला. चौकात उन्हाची तिरीप फ्लेक्सवर येत होती, अक्षरं नीट दिसेनात. तेव्हा मागून रेणुका पुढं आली आणि सावली पडावी म्हणून पदर ताणून उभी राहिली.