पाच रिकाम्या ओळी

जनार्दन गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेला होतो. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. तीन आठवडे तो ऑफिसला फिरकला नव्हता. मोबाइलवर सुनंदावहिनींचं नाव बघून मला वाटलं, स्वतः बोलायला नको म्हणून याने बायकोला पुढे केलंय. त्या म्हणाल्या, "भावजी, हे गेले." मी विचारलं, "कुठे?"... मूर्ख प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलोय, पण हा एकटा मला मरेपर्यंत पुरेल.

पनवेलच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही दोघांनी बारा वर्षं वेबसाइटी बनवल्या. गिऱ्हाईक बहुतेक कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले. कुठला ट्रक, कुठला माल, पोचला की नाही, हे दाखवणारी पानं आम्ही जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहायचो. आम्ही म्हणजे जनार्दन. मी गिऱ्हाइकांशी गोड बोलायचो आणि अधूनमधून कोडमध्ये हात घालून चालू पान बंद पाडायचो. "तू नको हात लावू, तू चा सांग," हे त्याचं माझ्या तांत्रिक कौशल्याबद्दलचं कायमचं मत. कोड ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप करतात तो एडिटर त्याचा जुना, साधा होता. काळी पाटी, पांढरी अक्षरं, तीही एवढी मोठी की स्क्रीनवर जेमतेम पंधरा ओळी मावत. शिवाय कोडच्या प्रत्येक भागाआधी पाच ओळी रिकाम्या, मग * या खुणेच्या चांदण्यांची एक लांबलचक रांग, पुन्हा पाच रिकाम्या. "जना, ही वेबसाइट आहे की बालवाडी?" मी विचारायचो. तो स्क्रीनला नाक लावल्यासारखा बसलेला असायचा, तिथूनच म्हणायचा, "बालवाडीत नापास झालेला मानूस तूच हाईस."

गेल्या वर्षी मला सुधारणेचा झटका आला. दोघांनी एकच, नवा एडिटर वापरायचा असं मी ठरवलं. आठ दिवस खपून पाच एडिटर उतरवले आणि त्यांचा तक्ता केला. चूक आधीच दाखवतो का, अर्धा शब्द पुरा करतो का, सर्व्हर आतूनच चालू होतो का, मशीनला किती जड जातो... सगळे रकाने होते. समोर बसणाऱ्याला काय दिसतं, हा रकाना मला सुचला नाही. जनार्दनने तक्त्याचा कागद डोळ्यांशी नेला, बराच वेळ धरला. म्हणाला, "माझा हाय तोच बरा हाय." मी कारण विचारलं. "हात बसलाय." "हे तर बैलगाडीवालाही सांगेल," मी म्हटलं. तो हसला आणि गप्प बसला. चहात आलं किती यावर अर्धा तास भांडणारा माणूस गप्प बसला, तिथेच मला शंका यायला हवी होती. मला आली ती विजयाची धुंदी.

नव्या एडिटरात एक सोय होती. फाइल सेव्ह केली की तो कोड आपोआप आवरून ठेवायचा. एका शनिवारी मी एकेक फाइल उघडली, सेव्ह केली. जादा रिकाम्या ओळी गेल्या. चांदण्या तो काढेना, त्या मी हाताने वेचून पुसल्या. बारा वर्षांत माझं एवढं एकच काम बिनचूक झालं असेल. सोमवारी जनार्दन फाइल उघडून नुसता वर-खाली, वर-खाली करत राहिला. "ओळी कुठं गेल्या?" "आवरल्या. घर कसं मोकळं वाटतंय?" तो म्हणाला, "हां."

त्यानंतर त्याचं काम रेंगाळायला लागलं. सकाळी होणारी दुरुस्ती दोन दिवस चालायची. तो रुसलाय असं धरून मी महिनाभर टोमणे मारले आणि एक दिवस बोलून गेलो, "जमत नसेल तर सांग, दुसरा माणूस बघतो." त्याने डबा उचलला. "बघ," म्हणाला. माझ्याशी बोललेला तो त्याचा शेवटचा शब्द.

दहाव्याला शिरढोणजवळ त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं. शुगर जुनी होती, डोळ्यांच्या आत रक्त उतरत होतं, दोन वर्षं त्याला नीट दिसत नव्हतं. अक्षरं पुसट व्हायची, पण काळी मोकळी जागा आणि चांदण्यांची पांढरी रेघ दिसायची. त्या खुणा मोजत तो हव्या त्या भागाशी पोचायचा. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाल्या, "ते म्हनायचे, त्याला कलला तर माझा काम तोच करायला बसल, न मंग धंदाच बसल." भरल्या घरात मला हसू फुटलं. ते कुठे थांबवायचं कळेना, आणि मग ते हसू राहिलं नाही... शेवटच्या तीन आठवड्यांत तो घरी काय करायचा, हेही मी विचारलं. "काय नाय. बसायचे."

हार्ट अटॅक होता, असं डॉक्टर म्हणाले. रिकाम्या ओळी पुसल्याने कुणी मरत नाही, हे मलाही कळतं. कळून उपयोग होत नाही.

परवा जुन्या बॅकअपमधून त्याच्या फाइली परत आणल्या. त्याच्याच मशीनवर, त्याच्याच एडिटरात एक उघडली. पाच ओळी काळोख, मग चांदण्या. त्याच्यासारखं नाक लावून बसलो, तर अक्षरं अंगावर आली. खुर्ची मागे सरकवली. आणखी सरकवली. शेवटी उठून दारात जाऊन उभा राहिलो. तिथूनही मला सगळं वाचता येत होतं.