आत्यांशी सरळ बोलायचं

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात आम्ही सासूला आत्या म्हणतो. माझ्या आत्या आयुष्यात एक वाक्य सरळ बोलल्या नाहीत, आणि मी पडले दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. तिथं क्वार्टरला क्वार्टर लागून चार मुलखांची माणसं. मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना, जे असेल ते तोंडावर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातची आमटी खारट झाली. आत्या एक घास घेऊन म्हणाल्या, घरातलं मीठ संपलं वाटतं, शेजारनं वाटीभर आण. मी खरंच वाटी घेऊन निघाले. शेजारीण हसून हसून भिंतीला टेकली. नवऱ्यानं मला समजावलं, की आईचं बोलणं उलटं करून ऐकायचं, म्हणजे ते सुलट होतं. त्याला सांगायला काय जातंय! मला ते अंगवळणी पडायला वर्षं लागली, आणि तोवर रोज मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

आठवडे बाजारात आत्यांची मेथी-कोथिंबिरीची जागा ठरलेली. शेजारी कांदे-लसूणवाली बसायची, त्यांच्याच वयाची. दोघींचं दिवसभर चालायचं. ती म्हणायची, आज मेथी लय कवळी गं, माझ्या आजीच्या वयाची दिसती. आत्या म्हणायच्या, तुझ्या कांद्याला नजर लागंल, झाकून ठेव. गिऱ्हाइकं पिशवी हातात धरून ऐकत उभी राहायची. घरी आल्यावर आत्या तिच्या नावानं बोटं मोडायच्या, आणि पुढच्या बाजारी डब्यात तिच्यासाठी जास्तीची धपाटी टाकायच्या. यालाच जीव लावणं म्हणतात, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

गेल्या वर्षी आत्यांना झटका आला. डावा हात लुळा पडला, पाय ओढायला लागला, पण बोलणं स्वच्छ राहिलं. आम्ही म्हटलं, थोडक्यात निभावलं. मग एक दिवस दीर जेवायला उशिरा उगवला आणि नवरा त्याला म्हणाला, लय लवकर आलास. तर आत्याच काळजीनं म्हणाल्या, लवकर कुठं रे, सगळं गार झालं की. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी आमटी खाऊन त्या म्हणाल्या, "चांगली झालीया." बस, एवढंच. इतकी वर्षं जे ऐकायला जीव टाकला ते ऐकलं आणि मी नवऱ्याला म्हटलं, आत्यांना डॉक्टरकडं न्यायला हवं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या ज्या बाजूला मार बसलाय तिथं असं होतं कधी कधी. शब्द कळतात, शब्दामागची थट्टा कळत नाही. सुधारेल की नाही सांगता येत नाही, तुम्हीच सरळ बोला. मग घरात आम्ही सरळ बोलायला शिकलो. नवऱ्याला जड गेलं, शेवटी त्यांचाच मुलगा तो.

आत्यांना मात्र एकच ध्यास होता, बाजार. त्यासाठी लुळ्या हाताची मूठ उघडायच्या, मिटायच्या, पार घाम फुटेपर्यंत. मेथीची जुडी धरता आली पाहिजे म्हणायच्या. ती धरता यायला लागली तशी मी त्यांना घेऊन गेले. लुळा हात सगळ्यांना दिसत होता, आतलं कुणाला दिसणार? एका बाईनं एक जुडी घेतली आणि म्हणाली, आजी, टेम्पोनं घरपोच करताय न्हवं? आत्या जुडी घेऊन उठायला लागल्या. कुठं राहता, म्हणून तिला विचारलंसुद्धा. आजूबाजूला हशा पिकला. आत्यांनी मला हळूच विचारलं, "का हसल्या गं त्या?" त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं मला.

तेवढ्यात कांदेवाली आली. आत्यांना बघून तिचा चेहरा फुलला, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"आलीस का? मला वाटलं, पीडा टळली. तू न्हवतीस तर कसं निवांत होतं, मोकळं मोकळं."

आत्या मेथीच्या जुड्या परत पाटीत भरायला लागल्या. मला म्हणाल्या, चल घरी. दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणं-मिटणं बंद. मी किती वेळा समजावलं, थट्टा होती हो ती. पण त्यांचं एकच, तिनं तोंडानं सांगितलं की, मग उगं कशाला तिला तरास. हात पुन्हा आखडायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता सोडलं तर हात गेला समजा.

मी तणतणत जीपनं कांदेवालीचं गाव गाठलं आणि सगळं तिच्या कानावर घातलं. ऐकता ऐकता तिचा लसूण निवडायचा हात थांबला. ती म्हणाली, मला तसलं बोलता येत नाही गं. जन्मात बोलले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. मी म्हटलं, मावशी, मग आता बोला. आणि आल्या जीपनंच तिला घेऊन आले.

आत्या ओसरीवर बसल्या होत्या. कांदेवाली समोर टेकली आणि पदराचं टोक पिळत राहिली. काहीतरी वाकडं तिच्या ओठावर आलं आणि तिनं ते गिळलं, मला स्पष्ट दिसलं. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "तुझ्या जागंवर मी कुणाला बसू दिलं न्हाई. रिकामी पोती आंथरायची आन् येईल त्याच्याशी भांडायची. दर बाजारी वाट बघायची. तू न्हवतीस तर मला करमत न्हवतं."

आत्यांनी तिला विचारलं,

"खरं?"

"खरं."

"मग तसं म्हणायचं," आत्या म्हणाल्या. "मी तुला नकोशी झाले म्हणून हात मरू देत होते."

कांदेवाली ढसाढसा रडायला लागली. आत्यांनी डावा हात उचलायला घेतला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत पोचायला लय वेळ लागला.